चौकांतला डेव्हिड

फ्लॉरेन्स शहरासाठीं आम्हांस एकच दिवस मिळाला होता, आणि त्या एका दिवसांत आम्हीं मायकेलॲंजेलोचा डेव्हिड तीन ठिकाणीं पाहिला. सकाळीं पालाझ्झो वेक्कियोसमोरच्या चौकांत शिरतांच तो दृष्टीस पडला. मान डावीकडे वळलेली, गोफण खांद्यावर, कपाळाला आठी; युद्ध अजून व्हावयाचें आहे. आम्ही पाव तास निमूट उभे राहिलों. अंगावर कांटा आला, हें कबूल करण्यास संकोच कशाला? इतक्यांत शेजारच्या एका गृहस्थांनीं सहज सांगितलें कीं, ही प्रतिकृति. १९१० सालीं बसविलेली. मूळ मूर्ति १८७३ सालींच आकादेमिया या संग्रहालयांत नेली.

एका वाक्यासरशी आमचा आनंद मावळला. वास्तविक समोरच्या दगडांत तिळभरही फरक पडला नव्हता. फसविलें म्हणावें, तर कोणींच फसविलें नव्हतें. मग आम्ही ओशाळलों तें कशाबद्दल?

दुपारीं रांगेंत ताटकळून मूळ मूर्ति पाहिली. उंची सुमारें १७ फूट. दुसऱ्या शिल्पकारांनीं हात लावून टाकून दिलेल्या संगमरवरी शिळेंतून मायकेलॲंजेलोनें ती १५०१ ते १५०४ या काळांत घडविली. वरून येणाऱ्या सौम्य उजेडांत तिच्या उजव्या हाताच्या शिरा स्पष्ट दिसतात. पण सकाळचा कांटा कांहीं आला नाहीं. खरें सांगावयाचें तर, तो येतो कीं नाहीं इकडेच आमचें सारें लक्ष होतें!

कोणी म्हणेल, रूप तेंच असतां मूळ आणि नक्कल हा भेद व्यर्थ आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. वडिलांच्या हस्ताक्षरांतल्या पत्राची स्वच्छ नक्कल हातीं आली, म्हणून मूळ पत्र कोणी चुलींत घालीत नाहीं. हाताला मोल आहेच. परंतु जागेलाही आहे. ही मूर्ति प्रथम मंदिरासाठीं योजिलेली. पुढें विचारविनिमय होऊन १५०४ सालीं ती नगराच्या राज्यसभेच्या दाराशीं, उन्हापावसांत, प्रजासत्ताकाची राखणदार म्हणून उभी राहिली. ती राखण आज प्रतिकृति करीत आहे. आपल्याकडे मूर्ति भंगली कीं तिचें विसर्जन करून नवी स्थापन करतात. मूर्तिकार कोण, हें भाविक विचारीत नाहीं. अर्थात् तो दर्शनास आलेला असतो. आम्ही तिकीट काढून आलों होतों.

सकाळचा आमचा आनंद खोटा नव्हता, असें आतां वाटतें. तो परत घेण्याची आमची घाई मात्र खोटी होती. डोळ्यांनीं दिलेली साक्ष आम्हीं एका नांवासाठीं रद्द केली.

संध्याकाळीं आर्नो नदीपलीकडच्या टेकडीवर तिसरा डेव्हिड भेटला. हा ब्राँझचा. याच्याविषयीं शंकेस जागाच नव्हती, म्हणून कीं काय, आम्हीं त्याच्याकडे पाठ करून शहरच पाहिलें. उतरल्यावर वाट थोडी वांकडी करून पुन्हा चौकांत गेलों. दिवे लागले होते, गर्दी ओसरली होती. किती वेळ उभे राहिलों, तें घड्याळांत पाहिलें नाहीं; गाडी मात्र चुकतां चुकतां मिळाली.