भाड्याच्या मैदानावरची शतकं

अफगाणिस्तानच्या रहमानुल्ला गुरबाझची एकदिवसीय सामन्यांतली आठ शतकं कुठे कुठे झाली ते पाहा. अबू धाबीत एक, दोहात एक, चट्टोग्राममध्ये दोन, हंबनटोटात एक आणि शारजात तीन. आठवं ११ नोव्हेंबर २०२४ ला झालं, तेव्हा त्याचा तेविसावा वाढदिवस सतरा दिवसांवर होता. सचिनचंही आठवं एकदिवसीय शतक शारजातच झालं होतं, १५ एप्रिल १९९६ ला, पाकिस्तानविरुद्ध. दिवस मोजले तर त्या वेळी सचिन गुरबाझपेक्षा आठ दिवसांनी मोठा भरतो. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल, पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सचिन तिथे पाहुणा म्हणून खेळत होता, गुरबाझ यजमान म्हणून. खोस्तचा हा मुलगा, आणि त्याचं घरचं मैदान आखातात. त्याच्या यादीत अफगाणिस्तानातलं एकही शतक नाही. असणार कुठून? त्या देशात आजवर एकही आंतरराष्ट्रीय सामना झालेला नाही.

मग घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो याला मिळतो की नाही?

हा फायदा म्हणजे प्रेक्षकांचा आरडाओरडा, असं आपण धरून चालतो. तो काही खोटा नाही. पण फलंदाजाला खरी मदत होते ती सवयीची. एकाच तऱ्हेच्या मातीवर हजारो चेंडू खेळले की पाय विचार न करता हलायला लागतात. मुंबईतली कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. झाकण नसलेली ओली खेळपट्टी, मैदानात वाढलेलं गवत, त्यामुळे जमिनीवरून मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोचायची मारामार. तिथे धावा काढायच्या तर चेंडूची शेवटपर्यंत वाट बघायची आणि मारायचा तर पुरता उचलून मारायचा. मुंबईच्या फलंदाजांचा खडूसपणा म्हणून जे कौतुक होतं, त्यातला निम्मा या चिखलाने शिकवलेला आहे. मातीची पुनरावृत्ती जिथे मिळते ते घरचं मैदान, असं मी मानतो. तसं मानलं तर ते स्वतःच्या देशात असलंच पाहिजे असं राहत नाही. भाड्याच्या घरातही अंधारात हात बरोबर बटणावर जातो.

शारजाला या भाडेकरूंची सवय जुनीच आहे. अब्दुल रहमान बुखातिर या पाकिस्तानात शिकलेल्या उद्योगपतीने क्रिकेटच्या वेडापायी हे मैदान उभं केलं आणि एप्रिल १९८४ मध्ये तिथे पहिले एकदिवसीय सामने झाले. वाळवंटातल्या वाळूतून खेळपट्टी होत नाही. चिकणमाती बाहेरून आणायची, गवत पाणी घालून जगवायचं, खेळाडूही बाहेरचे आणि बघणारेही बाहेरचे. तरी एकदिवसीय सामन्यांच्या संख्येत जगातलं दुसरं कुठलंही मैदान शारजाच्या पुढे नाही. मियांदादचा चेतन शर्माला मारलेला षटकार १९८६ चा, सचिनची वाळूच्या वादळातली खेळी १९९८ ची. पुढे सामनेनिश्चितीच्या संशयाची सावली पडली, २००१ मध्ये भारत सरकारने आपल्या संघाला तिथे जायला मनाई केली आणि मैदान ओस पडत गेलं. २०१० मध्ये तिथे पुन्हा एकदिवसीय सामने सुरू झाले ते अफगाणिस्तानच्या संघामुळे.

दरम्यान मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या बसवर हल्ला झाला आणि पाकिस्तानही अमिरातीत राहायला आला. दुबई, अबू धाबी, शारजा हे त्याचं दहाएक वर्षं घर होतं, आणि त्यांनी ते खरोखर घरासारखं वापरलं. २०१२ मध्ये इंग्लंडला ३-० आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाला २-० असं हरवलं, ते याच मंद खेळपट्ट्यांवर. पाकिस्तानला परत जायला मुलतान, कराची, लाहोर होतं. ते गेले. अफगाणिस्तानचं तसं नव्हतं. शारजा, मग ग्रेटर नोएडा, मग देहरादून, मग लखनौ, मधूनच दोहा, अशी त्यांची बिऱ्हाडं फिरत राहिली. २०२२ मध्ये अमिरातीच्या क्रिकेट मंडळाशी पाच वर्षांचा करार झाला तेव्हा कुठे पत्ता कायम झाला.

या करारातली एक अट मला फार मजेची वाटते. अफगाणिस्तानने दरवर्षी अमिरातीच्या संघाशी तीन टी-ट्वेंटी सामने खेळायचे. म्हणजे भाडं सामन्यांत द्यायचं! यजमान संघाला कसोटी दर्जाच्या संघाशी खेळायला मिळावं हा हिशेब, आणि तो चोख आहे. २९ डिसेंबर २०२३ ला शारजात गुरबाझने हे भाडं चुकतं केलं ते ५२ चेंडूंत १०० धावा काढून. दोनच दिवसांनी घरमालकांनी पुढचा सामना ११ धावांनी जिंकला.

आता खेळपट्टी. शारजाची सीमा जवळ म्हणून तिथे धावांचा पाऊस पडतो, हा समज १९९८ च्या पुण्याईवर टिकून आहे. २०२० च्या आयपीएलमध्ये सुरुवातीला तसं झालंही, पण वर्षभरात त्याच मैदानावर दीडशे धावा जड जाऊ लागल्या. चेंडू पडल्यावर थांबून येतो. कट मारायला जावं तर बॅट आधी पोचते, पूल मारावा तर चेंडू हवेत उंच. ज्याचा हात वेगवान त्यालाच हे जास्त छळतं, आणि गुरबाझचा हात वेगवानच आहे. २१ जानेवारी २०२१ ला अबू धाबीत आयर्लंडविरुद्ध तो पहिला एकदिवसीय सामना खेळला. वय एकोणीस. १२७ चेंडूंत १२७ धावा आणि नऊ षटकार. पदार्पणात शतक काढणारा तो पहिला अफगाण. ती खेळी मुलाची होती: जमलं तर षटकार, नाहीतर पुढचा चेंडू.

तिच्याशेजारी २०२४ चं शारजा ठेवून बघा. २० सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ११० चेंडूंत १०५. अफगाणिस्तानने त्या दिवशी तीनशेच्या वर मजल मारली आणि सामना १७७ धावांनी जिंकला. दोन दिवसांनी संघ १६९ त बाद झाला, त्यातल्या ८९ एकट्याच्या. सामना हरले, तरी त्या तीन सामन्यांच्या मालिकेतली त्याची सर्वांत चांगली खेळी माझ्या मते हीच. समोरून माणसं जात असताना जोखीम कुठल्या चेंडूवर घ्यायची आणि कुठला सोडून द्यायचा, हे त्याने अख्ख्या डावभर बरोबर ओळखलं. मग नोव्हेंबरमध्ये बांगलादेश. मालिका १-१, समोर २४५ चं लक्ष्य, शंभरी व्हायच्या आत तीन गडी परतलेले. गुरबाझ आणि अझमतुल्ला उमरझई यांनी शंभर धावांची भागी केली. गुरबाझच्या १०१ धावांना १२० चेंडू लागले. षटकार होतेच, ती खोड जाणार नाही. पण दोन षटकारांच्या मध्ये तो आता एकेरी धावांवर राहायला शिकला होता. चेंडू बॅटपर्यंत येऊ द्यायचा, मनगट सैल ठेवायचं आणि मारायचा तर सरळ. ज्याने शारजात इतके डाव काढले नाहीत त्याला हे सांगून समजत नाही.

ही सवय परदेशी उपयोगी पडली ती जून २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात. गयानातलं प्रॉव्हिडन्स काय किंवा सेंट व्हिन्सेंटमधलं किंग्जटाउन काय, चेंडू तिथेही थांबून येत होता. न्यूझीलंडविरुद्ध गुरबाझच्या ८० धावा झाल्या आणि न्यूझीलंड सगळे मिळून ७५. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुरबाझ आणि इब्राहिम झद्रान यांनी ११८ ची सलामी दिली. ऐकायला ती संथ वाटेल, गुरबाझ ४९ चेंडूंत ६० आणि इब्राहिम ४८ चेंडूंत ५१. पण अशा खेळपट्टीवर घाई करणारे नंतर येऊन पटापट बाद होतात, हे दोघांना ठाऊक होतं. तसंच झालं. १४८ धावा पुरल्या, ऑस्ट्रेलिया १२७ त आटोपला. त्या स्पर्धेत सर्वाधिक धावा गुरबाझच्या होत्या, २८१.

आणि मग उपांत्य फेरी, त्रिनिदादमधलं तारूबा. चेंडू उसळणारी, आत-बाहेर वळवणारी खेळपट्टी, समोर दक्षिण आफ्रिकेचे वेगवान गोलंदाज. गुरबाझ शून्यावर, संघ ५६ त बाद. एका संध्याकाळचं अपयश म्हणून हे झटकून टाकू नये. आखातातल्या मातीने जे शिकवलं नाही ते तिथे विचारलं गेलं. तसा सराव मिळायचा तर ऑस्ट्रेलिया, इंग्लंडसारख्या संघांशी वरचेवर खेळावं लागतं, आणि तिथे गोष्ट क्रिकेटच्या बाहेर जाते. मार्च २०२३ मध्ये अमिरातीत होणार असलेली अफगाणिस्तानविरुद्धची एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने रद्द केली. कारण तालिबानने स्त्रियांच्या शिक्षणावर आणि नोकरीवर घातलेली बंदी. अफगाण महिला क्रिकेटपटू देश सोडून गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियातच आहेत. भाड्याचं का होईना, पुरुषांना एक मैदान मिळालं. त्यांना तेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या नकाराने त्यांचं नेमकं काय साधलं हा प्रश्न मला पडतो.

प्रेक्षकांचं राहिलंच. शारजात अफगाणिस्तानचा सामना असला की ट्रक चालवणारे, बांधकामावरचे, भाजी-फळांच्या बाजारातले पठाण सलवार-कमीज घालून संध्याकाळी मैदानावर येतात. हातात झेंडा काळा-लाल-हिरवा. काबूलमधल्या सत्तेचा झेंडा आता हा नाही. पण संघ अजून याच झेंड्याखाली खेळतो. या गर्दीत सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही पठाण असतात, आणि समोर पाकिस्तान असला की प्रेमाचा तोल सुटतो. ७ सप्टेंबर २०२२ ला आशिया चषकात पाकिस्तानच्या नसीम शाहने शेवटच्या षटकात अफगाण गोलंदाज फारूकीला लागोपाठ दोन षटकार मारून सामना हिसकावला आणि गॅलरीतल्या खुर्च्या उखडल्या गेल्या.

बरोबर तीन वर्षांनी, ७ सप्टेंबर २०२५ ला, तेच दोन संघ तिरंगी मालिकेच्या अंतिम सामन्यात पुन्हा शारजात. अफगाणिस्तानला १४२ हव्या होत्या. मोहम्मद नवाजने हॅट्ट्रिकसह पाच बळी घेतले आणि डाव ६६ त संपला. ज्यांनी दहा वर्षं याच मुलखात संसार केला त्या जुन्या भाडेकरूंनाही इथले कानेकोपरे पाठ होते, हे विसरून कसं चालेल? महिन्याभराने अबू धाबीत अफगाणिस्तानने एकदिवसीय मालिकेत बांगलादेशला ३-० हरवलं तेव्हा इब्राहिम झद्रानने शेवटच्या दोन सामन्यांत ९५ आणि ९५ धावा केल्या. घर पुन्हा लाभलं.

गुरबाझच्या आधीची पिढी पेशावरच्या निर्वासित छावण्यांत बॅट धरायला शिकली. मोहम्मद नबी त्या पिढीतला. गुरबाझ देशातच शिकला आणि आखातात पिकला. त्याच्या मागोमाग सेदिकुल्ला अटल आला आहे, डावखुरा सलामीवीर. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओमानमधल्या उदयोन्मुख संघांच्या आशिया चषकात अफगाणिस्तान अ संघ जिंकला तेव्हा मालिकावीर तोच होता. त्यानंतर पंधरवड्यातच तो शारजात बांगलादेशविरुद्ध गुरबाझबरोबर सलामीला उतरला. नोएडा-देहरादूनची बिऱ्हाडं त्याच्या वाट्याला आलीच नाहीत. वरिष्ठ संघात आल्यापासून 'घरचा सामना' म्हटलं की त्याच्यासमोर आखातच आहे. अमिरातीबरोबरच्या कराराची पाच वर्षं २०२७ मध्ये भरतील.