अक्षराची एकता आणि बिमोची ओळख

नैऋत्य चीनमधील यी समाजात धर्मग्रंथांचे पठण करण्याचा आणि ते नकलून पुढे देण्याचा अधिकार परंपरेने बिमो, म्हणजे विधी करणारा पुरोहित, याच्याकडे असतो. मृताच्या आत्म्याला पूर्वजांच्या भूमीची वाट दाखवणारे पाठ अशा पोथ्यांत असतात. आणि ही विद्या बहुधा पित्याकडून पुत्राकडे जात असल्याने प्रदेशागणिक एकाच अक्षराची अनेक रूपे रूढ झाली. या लिपीचा संगणकीय टंक, म्हणजेच फॉन्ट, घडवताना म्हणूनच एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: कोणता भेद अक्षराचा आणि कोणता केवळ लिहिणाऱ्या हाताचा?

सिचुआनमधील लिआंगशानपुरता या प्रश्नाचा निर्णय १९८० मध्ये झाला, कारण तेव्हा तेथील बोलीवर आधारलेल्या ८१९ अवयव-चिन्हांच्या, म्हणजे प्रत्येकी उच्चाराचा एक अवयव (सिलेबल) दर्शवणाऱ्या चिन्हांच्या, प्रमाण लिपीला शासनमान्यता मिळाली. संगणकीय अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाने १९९९ मध्ये याच लिपीला १,१६५ स्थाने दिली. संख्या वाढली ती मुख्यतः एका सुराची, म्हणजे उच्चारातील एका स्वरपट्टीची, कमानयुक्त चिन्हे स्वतंत्र मोजल्यामुळे. जुन्या पोथ्यांतील विविधता मात्र या चौकटीबाहेर राहिली.

युनिकोड अमूर्त अक्षर आणि त्याचे दृश्य रूप यांत जो भेद करते, तो मीमांसा या भारतीय दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे मीमांसकांनी, वर्ण (नित्य अक्षर) आणि ध्वनी (त्याचा उच्चार) यांत केलेल्या भेदाच्या जवळचा आहे. त्यांच्या मते ‘गो’ (गाय) हा शब्द आठदा उच्चारला तरी आठ शब्द होत नाहीत, कारण ऐकणारा प्रत्येक वेळी तोच शब्द ओळखतो. या ओळखीला, म्हणजे प्रत्यभिज्ञेला, मीमांसक शब्दाच्या नित्यत्वाचे प्रमाण मानतात. परंतु प्रत्यभिज्ञेला ओळखणारा लागतो, आणि पोथीतील दोन वळणे एकाच अक्षराची आहेत की दोन भिन्न अक्षरांची, हे ती पोथी वाचू शकणारा बिमोच सांगू शकतो.

यावरून टंकामुळे पोथीचे पावित्र्य भंगते असे ठरत नाही. तसेच मुद्रित पाठ हाती आला म्हणून विधीचा अधिकारही मिळत नाही, कारण तो परंपरेतील दीक्षेने येतो. भंग होऊ शकतो तो निर्णयाच्या ठिकाणी: टंककाराने सोयीसाठी दोन रूपे एक केली, तर पुढील वाचकाला तो भेद तपासण्याची संधीच उरत नाही, उलट वेगळी ठेवलेली रूपे पुढे केव्हाही एक करता येतात. म्हणून जेथे जाणकाराची ओळख अद्याप मिळालेली नाही, तेथे भेद राखणे हाच टंककाराचा धर्म ठरतो.