उपदेशाचा भार कोणावर?

अलीकडे महाविद्यालयांतून ‘प्रेरणादायी व्याख्यान’ नांवाचा एक प्रकार रूढ झाला आहे. पूर्वी वक्ता इतिहासावर अथवा संतवाङ्मयावर बोले. आतां तो श्रोत्यांच्या इच्छाशक्तीवरच बोलतो. कर्जत-खालापूरकडील महाविद्यालयेंहि यास अपवाद नाहींत. या व्याख्यानांचें सार थोडक्यांत असें: मनापासून इच्छा करा, अखंड यत्न करा, म्हणजे यश येईलच, न आलें तर तुमची इच्छाच अपुरी होती. मुलें टाळ्या वाजवितात. त्या टाळ्यांस हंसण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. ज्याला घरीं-दारीं कोणीं ‘तुला जमेल’ असें कधीं म्हटलें नाहीं, त्याला तें परक्याच्या तोंडून ऐकावयास मिळावें, ही लहान गोष्ट नव्हे.

आमचा आक्षेप यत्नाच्या उपदेशास नाहीं. ‘न आलें तर’ या पुढील निकालास आहे. खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींत इरशाळवाडी नांवाची ठाकर लोकांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळून ती गाडली गेली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं. वाडीस गाडीरस्ता नव्हता. मदतीस गेलेल्यांस डोंगर पायीं चढावा लागला. वाडींतील कांहीं मुलें त्या रात्रीं आश्रमशाळेंत होतीं, म्हणून वांचलीं. त्यांच्या वांचण्यांत त्यांच्या इच्छेचा अंश नव्हता, आणि गेलेल्यांच्या जाण्यांत त्यांच्या इच्छेची उणीव नव्हती. यांतलें एखादें मूल उद्यां सभागृहांत येऊन बसलें, तर वक्त्याच्या त्या निकालाचा अर्थ त्यानें काय घ्यावा? दैवाचा घाव सोसलेल्यास अपराधीहि ठरविणारा उपदेश धीर देत नाहीं; उलट दुःखावर लाजेची भर घालतो.

यावर कोणी म्हणेल, अतिशयोक्तीवांचून तरुण हालत नाहींत. अनुभव तसा नाहीं. सॅम्युएल स्माइल्सचा ‘सेल्फ-हेल्प’ हा ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाला, व तो या साऱ्या वक्त्यांचा मूळपुरुष मानण्यास हरकत नाहीं. परंतु त्याचा उगम कशांत आहे? लीड्स शहरांतील कांहीं गरीब तरुणांनीं एकमेकांस लिहिणें, वाचणें व हिशेब शिकविण्यासाठीं स्वतःच एक वर्ग काढला होता. पूर्वी पटकीच्या रोग्यांसाठीं वापरलेल्या जागेंत तो भरे. स्माइल्सला त्यांनीं मागाहून बोलाविलें. म्हणजे कृति आधीं होती, भाषण नंतर आलें.

आणि इतकें दूर तरी कां जावें? कर्जत तालुक्यांतील माथेरान येथें १९१२ सालीं न्हावी समाजांत जन्मलेले भाई कोतवाल वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. त्यांनीं शेतकऱ्यांस स्वावलंबनाचे धडे देऊन निरोप घेतला नाहीं. गरिबाला सावकाराच्या दारीं जावें लागूं नये म्हणून त्यांनीं धान्यकोठी काढली, मुलांसाठीं शाळा चालविल्या. कारण भुकेच्या दिवसांत निर्धारानें पोट भरत नाहीं. कोठींत धान्य असावें लागतें. पुढें १९४२ च्या लढ्यांत त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभारला, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. तेव्हां कोतवालांचें वय अवघें तीस होतें. या मार्गांत यशाची हमी देणें कोणासच शक्य नव्हतें. तरी तरुण त्यांच्यामागून गेले. ज्यास पुढें यावयास सांगावयाचें त्याच्याआधीं आपण पुढें जाणें, हाच त्यांचा उपदेश होता.

प्रत्येक वक्त्यानें सिद्धगड गांठावा असें आमचें म्हणणें नाहीं. व्याख्यान देऊन सायंकाळच्या गाडीनें परत जाण्यांत पाप नाहीं. परंतु जो जाणारच आहे, त्यानें न फेडतां येणारें वचन देऊन जाऊं नये. श्रोत्याच्या यशाचा मान आपण घ्यावा आणि अपयशाचा भार मात्र त्याच्या एकट्याच्या माथीं ठेवावा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. यत्न तुझा आहे, फळ सर्वस्वीं तुझ्या हातीं नाहीं. म्हणून तूं यत्न कर, आणि ज्याचा यत्न फसला त्याच्यासाठीं कोठींत चार पायली ठेव, एवढें जरी त्यानें सांगितलें, तरी टाळ्या कदाचित् कमी पडतील. पण ऐकणाऱ्यांपैकीं कोणी मान खालीं घालून घरीं जाणार नाहीं.