काडतुसांचा डबा

माझ्या लहानपणी आमच्या गावात परवान्याच्या दोन बंदुका होत्या. दोन्ही ठासणीच्या. भुईमुगात, मक्यात रानडुकरं शिरायची, त्यांच्यासाठी. बंदूकवाला खांद्यावर बंदूक टाकून पाणंदीनं निघाला की सगळं गाव बघायचं. पोरं मागं लागायची. हत्यार उघडं, त्याचं कामही उघडं. कायद्यानंही हे ओळखलं आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात, खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं वेगळं सांगितलेलं आहे.

2001 साली आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, गावात तिसरं हत्यार आणलं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 बोरचं रिव्हॉल्वर. सहा घरांचं. गाव त्याला पिस्तूलच म्हणायचं. ते कधी रानात गेलं नाही, त्याचा सगळा प्रवास गाडीतून. डुकरासाठी ते नव्हतंच. ते माणसासाठी होतं, आणि हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून त्याच्याबद्दल कुणी फार बोलायचं नाही.

तात्यांचा बेदाण्याचा व्यापार. तासगावला, सांगलीला सौदे व्हायचे आणि रोख घेऊन रात्री-अपरात्री परतावं लागायचं. ओळखीतल्या एका व्यापाऱ्याला वाटेत अडवून लुटलं, तेव्हा तात्यांनी अर्ज केला. परवाना हातात येईपर्यंत बरेच महिने गेले. कॉलेज संपवून मी घरीच होतो, त्यामुळं जीपचा ड्रायव्हर मीच.

निघायच्या आधी तात्यांचा एक विधी असायचा. रिव्हॉल्वर कपाटातून काढायचं, सहाही घरं उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री करायची, मग चामड्याच्या म्यानात घालून म्यान एका लहान बॅगेत ठेवायचं आणि बॅगेला कुलूप. ही बॅग त्यांच्या मांडीशी. काडतुसं मात्र वेगळी, ॲल्युमिनियमच्या जुन्या जेवणाच्या डब्यात. तो डबा जीपच्या अगदी मागं, स्टेपनीखाली. परवान्याचं पुस्तक बंडीच्या आतल्या खिशात, चष्म्याशेजारी. निघताना काडतुसं मोजायची, पोचल्यावर पुन्हा मोजायची. डबा हलवला की आतली काडतुसं खुळखुळायची. तो आवाज ऐकून काकू म्हणायच्या, "झाली का पूजा?"

कायदा एवढं सगळं सांगत नव्हता. परवाना जवळ हवा, मागितला तर दाखवला पाहिजे, परवान्यावर लिहिल्यापेक्षा जास्त काडतुसं बाळगायची नाहीत, हे होतंच. पुढं 2016 च्या नियमांत आलं की, सार्वजनिक जागी हत्यार नेताना ते पूर्ण झाकलेलं असावं आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर नीट ताबा असावा. पण भरलेलं रिव्हॉल्वर कमरेला, सदऱ्याखाली झाकून नेलं असतं तरी चाललं असतं. डबा वेगळा ठेवणं ही तात्यांची स्वतःची भर.

चहाला थांबलो की तात्या बॅग घेऊन उतरायचे. मी म्हणायचो, "ठेवा की तात्या, मी बसलोय गाडीत." ते म्हणायचे, "परवाना तुझ्या नावावर हाय का?" एकदा तर बॅग काखेत मारून ते परसाकडं गेले. हॉटेलवाला बराच वेळ तिकडंच बघत होता. त्याला वाटलं असणार, म्हातारा केवढी रोकड बाळगून आहे.

परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं होतं. आमची निम्मी सोयरीक अथणीकडं. म्हैसाळच्या पुढं कागवाडकडं जाताना कर्नाटकाची हद्द लागते. दोन्हीकडं तोच ऊस, तीच काळी माती, माणसंही दोन्ही भाषा बोलणारी. पण तिकडं जायचं असलं की रिव्हॉल्वर कपाटात. मला ते हसू येण्यासारखं वाटायचं. लोखंड तेच, माणूस तोच. एका पाटीच्या अलीकडं तो व्यापारी आणि पलीकडं गुन्हेगार? तात्यांना विचारलं तर म्हणाले, "लोखंडाला परवाना नसतोय रं. मानसाला असतोय. अमुक लोकांनी अमुक हद्दीत माझ्यावर इस्वास ठेवलाय. पलीकडच्यांनी कुठं ठेवलाय अजून?"

हे वाक्य मी पुष्कळदा घोळवलंय. आपण परवाना म्हणजे हक्काचा कागद समजतो. तात्या त्याला उसना विश्वास समजत होते. उसन्याची वस्तू जशी जपून वापरतात, पुन्हा पुन्हा मोजतात, तसं ते काडतुसं मोजायचे.

तरी मुख्य प्रश्न उरतोच. त्यांच्या एका व्यापारी मित्रानं तो माझ्यादेखत विचारला होता. "तात्या, चोर आला तर काय त्याला सांगनार? थांब बाबा, मागं जाऊन डबा काढतो?" सगळे हसले. तात्याही हसले. मग म्हणाले, "डबा उघडायला जेवढा येळ लागतोय ना, तेवढ्यात दोन गोष्टी कळत्यात. एक, समोरचा खरंच चोर हाय का. दोन, आपण शुद्धीवर हाय का."

मित्राचं म्हणणं खोटं नव्हतं. खरा चोर थांबत नाही. मग ते रिव्हॉल्वर संरक्षणासाठी होतं की नुसतं मनाच्या समाधानासाठी? या प्रश्नाला एकच उत्तर मला पटतं, आणि तेही सोपं नाही. जीव घेणारी वस्तू घेऊन जो चार माणसांत वावरतो, तो धोका निर्माण करतो. त्या धोक्याचा पहिला वाटा कुणी उचलायचा? भरलेलं हत्यार कमरेला लावलं तर तो वाटा रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर जातो. अंधारात हात दाखवून गाडी थांबवणाऱ्यावर, चुकून कट मारणाऱ्या दुचाकीवाल्यावर. डबा मागं ठेवला तर तो वाटा आपल्यावर येतो. तात्यांनी तो स्वतःवर घेतला होता. चोरीत पैसे जातील, कदाचित मारही बसेल, हे धरून.

हे सगळं मला पटलेलं होतं, पण अंगावर आलं नव्हतं. ते आलं 2017 साली.

त्या वर्षी तात्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नेमकी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ. कायद्यात त्याची सोय आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानं, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी, दुसऱ्या माणसाला हत्यार नेता येतं. तात्यांनी डाव्या हातानं सही करून चिठ्ठी दिली. काडतुसं मला मोजायला लावली. बॅग माझ्या शेजारच्या सीटवर, डबा डिकीत. तोवर जीप विकून माझी लहान गाडी आली होती. पहिल्यांदाच मी आणि ते, दोघंच.

गावाबाहेर पाणंदीत माझ्या चुलत भावाचा ट्रॅक्टर आडवा उभा. त्याचा-माझा बांधाचा वाद, आठ-दहा वर्षांचा. हातभर जमीन. मी हॉर्न दिला. तो हातातला टिकाव टेकून उभा राहिला आणि बोलायला लागला. आधी माझ्याबद्दल, मग माझ्या गेलेल्या वडिलांबद्दल.

एरवी मी उतरलो असतो. दोघं घसा बसेपर्यंत भांडलो असतो आणि दमून आपापल्या वाटेला लागलो असतो. भाऊबंदकीच्या भांडणालाही एक रीत असते. त्याच्या हातात टिकाव, माझ्या हातात काही नाही. पण दोघांनाही माहीत असतं, हे तोंडानं सुरू झालं आणि तोंडानंच संपणार. त्या दिवशी ती रीत मोडलेली होती. मोडलीय हे फक्त मला माहीत होतं. फाटक्या बनियनमधला तो माणूस माझ्याशी कालच्यासारखाच भांडत होता. गाडीत काय आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

आणि मला कळलं की डिकीपर्यंत सात पावलं आहेत. मी मोजली नव्हती. तरी आकडा डोक्यात तयार होता.

मला त्याला काही करायचं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगेन. पण तो आकडा माझ्या डोक्यात कुणी ठेवला? मी भला माणूस आहे, शिकलेला आहे, कधी कुणावर हात उचललेला नाही. तरी त्या पाणंदीत माझ्या भलेपणाच्या आणि एका मरणाच्या मध्ये होतं काय? सात पावलं, एक कुलूप आणि एक जेवणाचा डबा. मी काच वर केली आणि बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी तोच कंटाळला. ट्रॅक्टर बाजूला घेताना म्हणाला, "कुठं निघालायस? जा, उशीर हुईल." त्या शब्दांत आपलेपणा होता. मी गाडी सुरू केली तेव्हा हात कापत होते.

कायदा वाईट माणसाला धाक दाखवतो, असं आपण समजतो. पण वाईट माणूस कुलूप लावत नाही, परवानाही काढत नाही. झाकणं, कुलूप, वेगळा डबा, समक्ष आणि लेखी ही सगळी काळजी भल्या माणसाच्या वाईट पंधरा मिनिटांसाठी आहे. आपल्याकडं म्हणतात, अति राग आणि भीक माग. पण ती म्हण बिनहत्याराच्या रागाची आहे. त्या रागानंतर निदान भीक मागायला माणूस उरतो, आणि घालायलाही कुणी उरतो.

आता आमच्या भागात चित्र बदललं आहे. वरातीपुढं पांढऱ्या गाड्या असतात, आणि एखाद्याच्या कमरेला, मुद्दाम सदऱ्याबाहेर, रिव्हॉल्वर. आनंदाच्या भरात बेपर्वाईनं गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी दुरुस्ती 2019 मध्ये कायद्यात झाली. तशी वेळ आली, यातच सगळं आलं. अशाच एका पोराला मी विचारलं, "झाकत का नाहीस?" तो म्हणाला, "दाखवायचं न्हाई तर घ्यायचं कशाला काका?" उत्तर प्रामाणिक होतं. पण दाखवलेलं पिस्तूल निम्मं झाडलेलंच असतं. समोरचा त्या क्षणापासून मोकळं बोलत नाही. हो म्हणतो ते भीतीनं, गप्प बसतो ते भीतीनं. त्याच्या तोंडून खरं ऐकायचा आपला मार्ग बंद होतो, आणि आपल्याला वाटतं मान मिळतोय.

तात्या गेल्यावर दिवस-कार्य व्हायच्या आधीच आम्ही रिव्हॉल्वर आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली. धनी गेला की परवाना संपतो आणि विनाकारण उशीर न करता हत्यार जमा करावं लागतं. पुढं महिन्याभरानं घरात विषय निघाला. वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. तात्यांचा थोरला म्हणाला, "बाबांची आठवण हाय, घालवायची कशाला?" त्याचंही चूक नव्हतं. व्यापार तोच सांभाळतो, रस्ता तोच, रात्रीही त्याच.

काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणा की. पर डबा कोण मोजंल रोज?"

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. अर्ज अजून गेलेला नाही.