न बजावलेले आणि न परतलेले

निवडणूक जवळ आली की पोलीस ठाण्यांना प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांची आठवण होते. विशेष मोहीम निघते, रातोरात धरपकड होते, सकाळी आकडा जाहीर होतो. मग चर्चा सुरू होते: एवढे आरोपी इतकी वर्षे मोकळे राहिलेच कसे? प्रश्न रास्त वाटतो, पण उथळ आहे. एका रात्रीत जो सापडतो तो बहुधा आपल्या घरीच असतो. चेक न वटल्याच्या खटल्यात तारीख चुकवलेला दुकानदार अशा मोहिमेत हमखास मिळतो. खरा फरारी तिची वाट पाहत बसत नाही.

मनुष्यबळ वाढवा, हा उपाय कोणत्याही खात्याला लागू पडतो, म्हणून सोडून देऊ. आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील सोय गंभीर गुन्ह्यांतल्या घोषित फरारींसाठी आहे. या गर्दीचा तिच्याशी संबंध नाही.

तिसरा उपाय मात्र सगळ्यांनाच पटलेला दिसतो. न्यायालयांचे आणि पोलिसांचे संगणक जोडा, नाकाबंदीत नाव टाकताच वॉरंट पडद्यावर येईल, काम झाले. जोडणी जरूर व्हावी, तिला माझा विरोध नाही. पण २००२ सालचे मुंबईतले एक प्रकरण या भाबडेपणाच्या आड येते. एका वकिलावर निघालेले अजामीनपात्र वॉरंट न्यायालयाने रद्द केले होते. ठाण्याकडचा कागद मात्र जिवंतच राहिला आणि १५ ऑगस्टला, सुट्टीच्या दिवशी, त्या कागदावर त्यांना अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

जोडणी असती तर हे टळले असते, असे कुणी म्हणेल. टळले असते, पण रद्द झाल्याची नोंद कुणी वेळेवर केली असती तर. ती करणारा माणूस नेमलेला नसेल तर जोडणीमुळे इतकेच होईल, की मेलेले वॉरंट एका ठाण्याऐवजी राज्यातल्या प्रत्येक नाक्यावर जिवंत दिसेल. शिवाय ‘प्रलंबित’ या एकाच रकान्यात आरोपी परदेशी गेला, वारला, की जुन्या पत्त्यावरची चाळच पाडली गेली, यातले काहीच कळत नाही. रकाना वेगाने भरतो, एवढेच.

त्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या सूचना मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात. वॉरंटाला क्रमांक हवा, न्यायालयात आणि ठाण्यात नोंदवही हवी, बजावणी नावानिशी एका अंमलदाराकडे हवी आणि बजावले असो वा नसो, ते ठरल्या तारखेला अहवालासह परत आले पाहिजे. यात कारकुनीपलीकडे काही नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांची चर्चा होत नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. न बजावलेले वॉरंट वेगळे, न परतलेले वेगळे. पहिल्यात पोलीस गेले, माणूस मिळाला नाही. हे अपयश समजण्यासारखे आहे आणि त्यातून पुढची वाट निघते. आरोपी लपला असेल तर किमान ३० दिवसांची मुदत देणारी उद्घोषणा, मग मालमत्तेची जप्ती. पत्ता चुकीचा असेल तर जामीनदाराला नोटीस. आरोपी वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि खटल्याचा शेवट. दुसऱ्यात कुणी गेले की नाही हेच न्यायालयाला ठाऊक नसते, आणि ते विचारतही नाही. तारीख पडते, नवे वॉरंट निघते. जुनेही कायद्याने जिवंतच असते, कारण बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालय रद्द करीपर्यंत वॉरंट संपत नाही.

पोलिसांवर खापर फोडणे सोपे आहे. त्यांचा दोष नाही असेही नाही. पण परतीची तारीख लिहिते ते न्यायालय, आणि त्या दिवशी अहवाल मागायचा तोही त्यानेच. भरगच्च बोर्डावर मॅजिस्ट्रेटला ती फुरसत नसते, हे मान्य. मग न्यायालयात पोलिसांचे काम पाहणाऱ्या पैरवी अधिकाऱ्याने सकाळी, पुकारा होण्याआधी, त्या दिवशी परतीची असलेली वॉरंटे कारणांसह पुढ्यात ठेवावीत. कारण लिहिलेले नसेल तर नवे वॉरंट काढू नये.