कुलूप ज्याचे, छप्परही त्याचे

औशाचा भुईकोट किल्ला आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बाहेर खंदक, आत तट. हे सारे शत्रूस बाहेर ठेवण्याकरिता. परंतु जो तट एकास बाहेर ठेवितो, तोच दुसऱ्यास आत कोंडतो. म्हणून पूर्वी पुष्कळदा किल्ला हाच तुरुंग होत असे. 1687 साली गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने अबुल हसन कुतुबशहास आपल्याच मराठवाड्यातील दौलताबादेस बंदीत ठेविले, व तेथेच त्याचा अंत झाला.

बंदिवानांच्या जिवाचा विचार करून तुरुंग बांधावा, ही कल्पना त्यामानाने नवी. इंग्लंडात जॉन हॉवर्ड 1773 साली शेरीफ झाला व तुरुंग स्वतः पाहू लागला. फाशीपेक्षा कोंदट कोठड्यांतील ज्वरानेच अधिक बंदी मरतात, असे त्याने 1777 साली लिहिले. उजेड, वारा व स्वच्छ पाणी ही दयेची गोष्ट नसून न्यायाची आहे, हे तेव्हापासून लोकांस उमगू लागले. तथापि नवे ते सर्व चांगले, असे नव्हे. अंदमानचा तुरुंग 1906 साली पुरा झाला. मध्ये मनोरा व सात भुजा. एका भुजेच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे बंद्यास बंद्याचे तोंडही दिसू नये! उलट 1939 साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले; तेथे तट नव्हता, विश्वास होता.

येथे कोणी विचारील, "आमच्या शाळेचे छप्पर गळत असता चोरांच्या छपराची चिंता का वाहावी?" प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर आपल्याच तालुक्याने दिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे 8000 माणसे मेली. दगडमातीच्या जाड भिंती व वरचे जड माळवद यांस लोक आधार समजत होते. त्यांखालीच ते गाडले गेले. तरी ज्यास जाग आली व दार सापडले, तो अंगणात धावला. कोंडलेल्या माणसाचे पाय मात्र दुसऱ्याच्या किल्लीत अडकलेले असतात. न्यायाधीशाने त्यास बंदीची शिक्षा दिली, भिंतीखाली चिरडण्याची नव्हे. ज्याने त्याची पळण्याची शक्ती काढून घेतली, त्यावरच त्याच्या रक्षणाचे ऋण आले.

हे ऋण भाषणांनी फिटत नाही. तटाची उंची पाहणारे पुष्कळ, पायातील ओल पाहणारे थोडे. चुन्याच्या जुन्या भिंतीस सिमेंटाचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते व दगड झिजतो. पिंपळाचे रोप वेळीच न काढल्यास त्याची मुळे सांधे फोडतात. दगडात बसविलेला गज गंजून फुगतो व दगडास तडकवितो. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ कराव्या, कुलपांस तेल द्यावे, आणि आग किंवा भूकंप झाल्यास रात्रीच्या पहारेकऱ्यास योग्य किल्ली अंधारातही सापडावी. जितक्यांसाठी खोली बांधली, तितकेच तीत ठेवावे.

फिलिप्पै येथील बंदिशाळेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. भूकंपाने पाया हादरला, दारे उघडली. आणि ज्या अधिकाऱ्याने पौल व सीला यांचे पाय खोड्यांत अडकविले होते, त्यानेच त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या. बंधू-भगिनींनो, आपणांपैकी तुरुंगाधिकारी कोणी नसेल. परंतु वसतिगृहाचे दार, गोठ्यातील दावे, आजाऱ्याच्या खोलीची कडी ही आपल्या हाती आहेतच. आज रात्री कडी लावताना वरचे आढेही पाहावे.