फळाची आशा कोणी सोडावी?

विनोबांची ‘गीता प्रवचने’ यंदाच्या थंडीत पुन्हा वाचायला घेतली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे विनोबा बोलत गेले, साने गुरुजी उतरवून घेत गेले आणि अठरा अध्यायांचं हे पुस्तक तयार झालं. समोर कैदी बसलेले, म्हणून भाषाही अगदी घरातली. दोन-चार पानं वाचायची आणि मग लोकर-सुया हातात घ्यायच्या, असा माझा क्रम. वाचलेलं विणता विणता अंगी मुरतं.

कर्मयोगाचं प्रकरण विणणाऱ्या माणसाला फार चटकन पटतं. सुलट-उलट टाक्यांची ओळ चालू असते. बाळाचं टोपडं आज पुरं झालं काय नि पुढच्या आठवड्यात झालं काय, कोणी खोळंबलेलं नसतं. टाका सुटला तर चार ओळी उसवायच्या. लोकर काही कुठे जात नाही. मन कामात रमलेलं, फळाची फिकीर नाही. निष्काम कर्म म्हणतात ते हेच असावं, अशी स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो?

पण मी राहते संगमनेरात. इथे बोटांचं काम म्हटलं की आधी विडी आठवते. या गावातल्या किती तरी बायकांनी मांडीवर सूप घेऊन, विड्या वळून संसार ओढले. पानं भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हात इतका चालतो की बघणाऱ्याची नजर मागे पडते. मजुरी मात्र दर हजार विड्यांवर. मनासारखी न उतरलेली विडी ‘छाट’ म्हणून बाजूला निघते आणि तिच्यावरची मेहनत कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. मान-पाठ धरते, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. विडी कामगारांसाठी 1966 साली स्वतंत्र कायदा झाला. तरी मजुरीसाठीचे मोर्चे या गावाला नवे नाहीत.

दोन्ही कामं हातांची, दोन्हींत तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा. पण मला कंटाळा आला की सुया पिशवीत टाकता येतात. विडी वळणारीला आजचे हजार आजच भरायचे असतात. विणकामाने मन शांत होतं, असं आपण कौतुकाने सांगतो. त्या शांततेत लोकरीचा वाटा किती आणि दरमहा खात्यात पडणाऱ्या पेन्शनचा किती, हे एकदा तपासून पाहावं.

मग ‘फळाची आशा धरू नकोस’ हे कोणी, कोणाला सांगायचं? ज्याच्या पदरात फळ आधीच पडलंय त्याने रिकाम्या पदराच्या माणसाला ते सांगू नये. विनोबांना तो अधिकार होता. 1935च्या सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी रोज तासन्‌तास सूत कातलं आणि कातणारीला मिळणाऱ्या मजुरीवर जगून पाहिलं. तेवढ्यात भागतं का, हे त्यांनी स्वतःच्या पोटालाच विचारलं. कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह तेव्हा गांधीजींनीही धरला आणि खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने ते तत्त्व मान्य केलं. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती होतीच. तरी तत्त्व सोडलं नाही.

ही गोष्ट छंदापाशी फार जवळून येते. विणलेलं पाहून ओळखीचे म्हणतात, “विकत का नाही? लोकरीचे पैसे सुटले तरी पुष्कळ!” विणणारीलाही ते गोड वाटतं. पण घरबसल्या हौसेने विणणारी बाई स्वेटर लोकरीच्या भावात देऊ लागली, की तोच भाव ठरतो. मग विणकामावर मुलांच्या फिया भरणाऱ्या बाईला गिऱ्हाईक ऐकवतं, “अहो, त्या तर निम्म्यात देतात.” आपली उदारता तिच्या ताटातून वाढली जाते. म्हणून हौसेचं विणलेलं भेट द्यावं. विकायचंच असेल, तर हाताची पूर्ण मजुरी धरून विकावं.

खरेदीलाही हाच नियम लावावा. भाजीवालीशी, शिवणकामवालीशी, गोधडी शिवून देणारीशी घासाघीस करण्याआधी या कामाला किती तास गेले असतील, एवढं मनाशी मोजावं. विणणाऱ्या माणसाला ते मोजता येतं, कारण एक वीत कापड हाताने उभं राहायला काय लागतं, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. आपल्या कामाच्या फळावरचा हक्क आपण खुशाल सोडावा. दुसऱ्याच्या कामाचं फळ मात्र त्याच्या हातावर पुरतं मोजून ठेवावं, आणि तेही त्याने मागायच्या आधी.